हलके बूट घेताना

पहिलीच 21 किलोमीटरची शर्यत आहे ना तुझी? मग 150 ग्रॅमच्या बुटांमागे लागू नकोस. एक बूट 200-225 ग्रॅमचा असला तरी पुरे. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय जरा सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच.

आपल्याकडे खरा त्रास ओलीचा. रत्नागिरीत भाट्याच्या पुलावरून पावस गावाकडे पळताना घाम थेट मोज्यांत उतरतो, आणि तळाला नुसता फोम असेल तर शेवाळलेल्या कडेला पाय सटकतो. म्हणून बूट उलटा करून बघ: चवड्याखाली, टाचेखाली रबर आहे का? नखाने दाबून बघ. वरचं कापड जाळीदारच घे.

पळून आलास की आतला सोल काढ, वर्तमानपत्राचे बोळे कोंब, पंख्याखाली ठेव. माझा एक जोड पावसाळ्यात ओलाच पिशवीत राहिला, त्याचा तळ सुटला. शर्यतीआधी नव्या बुटांत 40-50 किलोमीटर तरी पळून घे.