शेपटीखालची सूज

प्रश्न : मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि त्याची पावणेदोन वर्षांची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) माझ्याकडे राहिली. दिवसभर झोपते. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा धापा टाकते. दूधभात, केळं आवडीने खाते. वास जात नाही म्हणून चार दिवसांनी अंघोळ घालते. आणखी एक, महिनाभर तिच्या शेपटीखाली सूज आहे, पण दुखत नसावी. काय करू?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि आधी तुम्हाला फोन लावला. छापील उत्तराची वाट बघण्यासारखं ते नव्हतं. आता इतर वाचकांसाठी लिहिते.

ती सूज म्हणजे मादी माजावर आली आहे. गाय माजावर येते आणि एखाद्या दिवसात ओसरते. फेरेटचं तसं नाही. नराशी संग झाल्याशिवाय तिचं बीजांड सुटत नाही, आणि माज महिनोन्‌महिने चालू राहतो. तेवढा काळ अंगात साचणारं इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक हाडांतल्या मगजावर घाला घालतं, नव्या रक्तपेशी तयार होईनाशा होतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, केस गळतात, मागचे पाय लटपटतात. माझ्याकडे आलेली पहिलीच फेरेट अशीच गेली. घरची माणसं मायाळू होती, पण ‘उकाड्याने सुस्त झाली असेल’ म्हणत तीन आठवडे थांबली. ती मला अजून आठवते. यावर उपाय आहे : आधी रक्ततपासणी, मग गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्याची शस्त्रक्रिया. ती लगेच शक्य नसेल तर माज थांबवणारं औषध देता येतं. पिल्लं नको असतील तर पहिल्या माजाआधीच हे उरकावं.

झोपेची काळजी नको, निरोगी फेरेटही दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपते. धापा मात्र गंभीर आहेत. आपल्याला घाम येतो म्हणून पंखा गार वाटतो. तिला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे पंखा तिच्यावर गरम वाराच फेकतो. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपुढे तिला उष्माघात होऊ शकतो, आणि आपल्या मे महिन्यात दमट हवेने तो धोका वाढतो. दिवसा एसीची खोली द्या. वीज गेली तर फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा, जुन्या चिरेबंदी घराची आतली काळोखी खोलीही चालते. बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, कधीच ठेवू नका. धापा टाकून लुळी पडली तर पाय आणि पोट साध्या गार पाण्याने भिजवा, बर्फाने नाही, आणि तसंच दवाखाना गाठा.

दूधभात, केळं आजच बंद. फेरेट पूर्ण मांसाहारी. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, भात-फळं पचवायला तिच्याकडे वेळच नसतो. कोंबडीचं मांस, काळीज, कधी अंडं आणि मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं, भरपूर मांस असलेलं कोरडं खाद्य द्या, आणि खाणं दिवसभर समोर असू द्या. मात्र लहानपणी जे खाल्लं तेच अन्न असं ती मानते, त्यामुळे एकदम बदललंत तर उपाशी राहील. जुन्यात नवं चिमटीचिमटीने मिसळत दोन-तीन आठवडे घ्या. मसाल्याचं हुमण (माशाची आमटी) नको.

अंघोळ वरचेवर घातली की कातडी कोरडी पडते, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, वास वाढतो. त्याऐवजी अंथरूण आठवड्याला धुवा. वास शस्त्रक्रियेनंतर बराच उतरेल.

तिला डिस्टेंपरची (कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा रोग) लस द्याच, कारण तो रोग तिच्यासाठी जवळजवळ निश्चित मरण आहे. पावसाळ्याआधी हृदयातल्या जंतांच्या औषधाचं विचारा, ते डासांतून येतात. तुम्हाला फ्लू झाला तर तिला दुसऱ्या कुणाकडे द्या, आपला फ्लू तिला लागतो.

फोनवर तुम्ही विचारलंत, म्हापशाहून फोंड्याला तुमच्या दवाखान्यात आणू कशी? ऊन चढायच्या आत निघा, टोपलीत गोठवलेली बाटली ठेवा, आणि गाडी कुठे थांबली तरी तिला आत ठेवून उतरू नका.