डी.फार्म करून डायबेटिसमध्ये करिअर होतं का? आणि असोसिएशनमध्ये जाऊन काही उपयोग असतो का?

तू लिहिलंयस की डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झालंय, नाशिकमध्येच एका मेडिकलवर बसतोस, डायबेटिस केअरमध्ये काहीतरी करायचंय, मामा म्हणतात मेडिकलवाल्यांच्या असोसिएशनमध्ये शिर, आणि शेवटी विचारलंयस की "नाहीतरी खोके काढून द्यायचंच काम आहे ना?" हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर दुकान बंद करून आल्यावर माझ्यात टाईप करायचा जीव नसतो.

माझं मेडिकल पंचवटीत. बरीच वर्षं झाली त्या गोष्टीला, थंडीचे दिवस होते. गिरणारेकडचे एक बाबा, द्राक्षबागायतदार, त्यांना 30/70 हे मिश्र इन्सुलिन चालू होतं, सकाळ-संध्याकाळ. सुरुवात 20-20 युनिटपासून झालेली, पण शुगर काही साडेतीनशेच्या खाली येईना, म्हणून डॉक्टरांनी वाढवत वाढवत 30-30 केलं. आता त्यांचा मुलगा सिरिंजचा बॉक्स कुठूनतरी स्वस्तात घेऊन आलेला, केशरी टोपणाच्या. व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, आपली नेहमीची, एका मिलीत 40 युनिटवाली. कळलं ना काय झालं? केशरी म्हणजे 100 ची सिरिंज, एका मिलीत 100 युनिटवाल्या इन्सुलिनसाठीची, तिच्यावर 30 च्या खुणेपर्यंत भरलं की 0.3 मिली येतं, आणि 40 च्या व्हायलमधून 0.3 मिली म्हणजे फक्त 12 युनिट. बाबा महिनोन्‌महिने 12 घेत होते आणि सगळे समजत होते 30 चाललंय.

एक दिवस बॉक्स संपला आणि मुलगा माझ्याकडे आला. "दादा, इन्सुलिनच्या सुया द्या." मी व्हायल बघितली, लाल टोपणाच्या दिल्या, म्हणजे 40 च्या, बरोबर त्याच. एक शब्द विचारला नाही, गर्दी होती. त्या संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखं 30 भरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं 30 गेलं, म्हणजे एकदम अडीचपट. रात्री दोन-अडीचला घामाने अंथरूण ओलं, हात थरथरतायत, भलतंसलतं बोलतायत, नातीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचले. घरच्या मीटरवर शुगर 48.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने दोन्ही सिरिंज माझ्या काउंटरवर आपटल्या. "तुमची सुई बदलली आणि बाबा हातातून गेले होते आमच्या." मी ग्लासातलं पाणी दोन्हीत 30 पर्यंत भरलं आणि कफ सिरपच्या दोन मापाच्या टोपणांत सोडलं. एकात नुसता तळ ओला झाला, दुसऱ्यात दुपटीहून जास्त पाणी. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मग आधीचं चुकीचं होतं ना, तुमचं तर बरोबर." हो, माझं बरोबर होतं, आणि बरोबर दिलं म्हणूनच बाबांची शुगर एकदम खाली गेली. "आधी कुठली वापरत होता?" एवढं विचारलं असतं तर डॉक्टरांना फोन करून डोस आधीच खाली आणता आला असता. नंतर त्यांनी तो आणलाच.

तर हे खोके काढून द्यायचं काम.

मग मी पेटून आमच्या असोसिएशनच्या मीटिंगला गेलो. विषय नेहमीचे, मार्जिन, एक्स्पायरीचा माल कंपन्या परत घेत नाहीत, ऑनलाईनवाले डिस्काउंट देऊन मारतायत. ऐनवेळच्या विषयात मी उठलो आणि म्हटलं, सिरिंज देताना व्हायलचा आकडा बघायचा आणि जुनी कुठली ते विचारायचं, एवढं सगळ्यांनी ठरवू. एक ज्येष्ठ म्हणाले, "आपण दुकानदार आहोत, डॉक्टर नाही. नाक खुपसायला जाशील आणि उद्या गळ्यात येईल." लोक हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. अरे, मी डोस बदला म्हणत होतो का? टोपणाचा रंग बघा म्हणत होतो!

पुढे कमिटीत शिरलो ते याच रागापोटी. डायबेटिसवर छोटं ट्रेनिंग ठेवलं तर पहिल्यांदा अकरा जण आले, पुढच्या वेळी मिसळ ठेवली तेव्हा हॉल भरला, ते ज्येष्ठही आले आणि मिसळ खाऊन गेले. 2015 ला फार्मसी कौन्सिलचे प्रॅक्टिस रेग्युलेशन्स आले, त्यात पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे म्हणून लिहिलंय. प्रिंट काढून मीटिंगला नेली, तर तेच ज्येष्ठ म्हणाले, "कागदावर काय, काहीही असतं." आता एक खरं सांगतो, एक्स्पायरीच्या भांडणात तेच पुढे होते आणि ते नसते तर माझ्यासारखी छोटी दुकानं कधीच झोपली असती. तेवढं त्यांचं देणं लागतो. पण सिरिंजच्या बाबतीत ते चूक होते, आजही चूक आहेत.

तुझ्या करिअरचं. डी.फार्मवरून बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला डायरेक्ट जाता येतं, जमत असेल तर जा. डायबेटिस एज्युकेटरचे कोर्स कर, पण सर्टिफिकेट भिंतीवर लागलं म्हणून डोस कमी-जास्त करायचा अधिकार येत नाही, तो डॉक्टरांचाच. काउंटरवर या कामाचे वेगळे पैसे कोणी देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, घरी वाद नको. मिळतं काय, तर गिरणाऱ्याचा माणूस वाटेतली दहा मेडिकल सोडून तुझ्याकडे येतो, उन्हाळ्यात फ्रिज नाही म्हणून व्हायल माठाच्या ओल्या वाळूत ठेवू का म्हणून फोन करतो, आणि त्याच त्याच जागी टोचून पोटावर आलेली गाठ शर्ट वर करून दाखवतो, जी डॉक्टरला दाखवायची राहिलेली असते.

मामांना सांग, मेंबरशिप घेतोय. पण मीटिंगला ऐनवेळच्या विषयापर्यंत थांब, बाकीचे ताटं मांडल्याचा आवाज आला की उठतात.