पंधरा लाख घेऊन सगळं सोडून देऊ का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल, ओळख पटेल असं काही देत नाहीये. तुम्ही जानेवारीत ११ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा घेऊन घर सोडलंत, सध्या पुण्यातच माहेरी भावाकडे आहात. हडपसरला एका कंपनीत अकाउंट्सला आहात, हातात ४१,००० येतात. धायरीचा फ्लॅट तुम्ही आणि नवरा, दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, साधारण २३ लाख बाकी, आणि २३,४०० चा हप्ता गेली सहा वर्षं तुमच्याच पगाराच्या खात्यातून कापला जातोय, अजूनही. शिवाजीनगर कोर्टात घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केलाय. आता सासरकडून मध्यस्थ येऊन सांगतायत की १५ लाख घ्या, केस मागे घ्या, फ्लॅटवरचा हक्क सोडा, मुलांसाठी पुढे काही मागू नका आणि संमतीने घटस्फोट घेऊन टाका. दादा म्हणतात, घे आणि मोकळी हो.

आहे तशी ही ऑफर घेऊ नका. पैसे कमी आहेत हे कारण आहेच, पण ते दुसरं. पहिलं कारण म्हणजे एवढ्या सगळ्या अटींमध्ये कर्जाचा कुठे साधा उल्लेखसुद्धा नाही.

समजा तुम्ही हक्कसोड पत्रावर सही केलीत, घर त्यांचं झालं, घटस्फोटही झाला. बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं, बँकेच्या कागदावर तुम्ही सहकर्जदार आहात आणि कर्ज फिटेपर्यंत तशाच राहणार. उद्या त्यांनी हप्ता भरला नाही तर बँकेचा फोन तुम्हाला, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत तुमचीही खराब, आणि पुढे स्वतःच्या छोट्या वन बीएचकेसाठी कर्ज मागायला गेलात की आधीचं २३ लाखांचं कर्ज दिसतं म्हणून पात्रताच कमी भरते. म्हणजे घर गेलं आणि कर्ज राहिलं. १५ लाखांची एफडी केली आणि ७ टक्के धरले तरी महिन्याला ८,७५० येतात, हप्ता आहे २३,४०० चा, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दादांना दाखवा.

आता रकमेचं बोलू. तुम्ही लिहिलंय, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात असायचं, भाजीला पन्नास रुपये मागून घ्यायचे आणि संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत हिशोब द्यायचा, दोन-चार रुपये जुळले नाहीत की मुलांसमोर हात उचलला जायचा. हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. घरगुती हिंसाचाराच्या त्याच २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही हिंसाचार म्हणूनच धरलाय, त्यामुळे तुमचं बँक स्टेटमेंट हा नुसता हिशोब नाही, तो पुरावा आहे. सहा वर्षांचं पूर्ण स्टेटमेंट बँकेकडून शिक्का मारून घ्या आणि वकिलांना द्या. ७२ हप्ते गुणिले २३,४०० म्हणजे १६ लाख ८४ हजार ८०० रुपये. ते तुम्हाला देतायत १५. म्हणजे तुम्ही भरलेलेच पैसे, तेसुद्धा पूर्ण नाहीत, आणि त्याच्या बदल्यात घर, मुलांचा खर्च आणि केस, सगळं सोडायचं.

फ्लॅट आज ६० लाखांना जाईल असं तुम्ही म्हणताय, त्यातून कर्ज वजा केलं तर ३७ उरतात, निम्मे साडेअठरा. सुरुवातीचे ११ लाख सासऱ्यांनी घातलेत, ते हा मुद्दा काढणारच आणि तो अगदीच पोकळ नाही, त्यामुळे पूर्ण साडेअठरा मिळतीलच असं धरून चालू नका. पण बोलणी कुठून सुरू करायची ते यावरून कळतं.

मुलांचा खर्च मात्र यात अजिबात मिसळू देऊ नका. पोटगीचा मुलांचा हक्क मुलांचा असतो, आईने सही करून तो संपत नाही, त्यामुळे 'पुढे काही मागणार नाही' ही अट मसुद्यातून काढायलाच लावा. नुसते महिना ८,००० एका मुलामागे धरले तरी धाकट्याचे १८ वर्षं होईपर्यंत साडेअकरा लाख आणि मोठीचे पावणेसात होतात, महागाई न धरता, कॉलेज न धरता. आणि मुलीचा हक्क तर १८ ला संपतही नाही, ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत असतो.

दादांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. त्यांनी तुमची अवस्था डोळ्यांनी बघितलीय, मुलगी रात्री दप्तर भरून दाराशी ठेवून झोपते हे तुम्हीच लिहिलंय, अशा वेळी काही लाख कमी घेऊन विषय संपवावा असं कुणालाही वाटेल, आणि शांतता हवी म्हणून थोडं सोडणं यात मला काही गैर वाटत नाही. फक्त किती सोडतोय ते माहीत असून सोडायचं. माझं मत विचाराल तर कर्जातून नाव पूर्ण निघत असेल, मुलांची पोटगी वेगळी लिहून मिळत असेल आणि तुमचं स्त्रीधन परत येत असेल, तर घराच्या हिश्श्यापोटी १५ लाखसुद्धा विचार करण्यासारखे आहेत. या तीन गोष्टी नसतील तर २५ दिले तरी सही करू नका.

नाव काढण्यासाठी बँकेला नुसता अर्ज देऊन भागत नाही. त्यांच्या एकट्याच्या उत्पन्नावर बँकेने कर्ज मंजूर करायला हवं, किंवा त्यांनी दुसऱ्या बँकेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढून हे फेडायला हवं. म्हणून क्रम असा ठेवा की आधी त्यांचं मंजुरीपत्र हातात, मग तुमचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र, आणि जुनं कर्ज बंद झाल्याचं बँकेचं पत्र तुमच्याकडे येईपर्यंत पुढची कुठलीही सही नाही. पैसे डीडीने किंवा आरटीजीएसने, रोख एक रुपयासुद्धा नको. संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोनदा जबाब होतात, रक्कम त्या दोन टप्प्यांत विभागून घेतात आणि सगळ्या अटी संमतीपत्रात लिहून कोर्टासमोर नोंदवतात. त्या रकमेचा शेवटचा भाग जमा झाल्यावरच केस मागे, आधी नाही, मध्यस्थ कितीही जवळचे असले तरी.

तोपर्यंत महिना कसा काढायचा हा खरा त्रास आहे. ४१,००० मधून हप्ता गेला की हातात १७,६०० राहतात आणि तुम्हाला वेगळी खोली घ्यायचीय, भाडं १४,०००. शाळा, व्हॅन, किराणा, गॅस धरून तुम्ही लिहिलेला खर्च भाड्यासकट ३३,००० च्या आसपास जातो. म्हणजे हप्ता नसता तर तुम्ही आजच स्वतःच्या पायावर उभ्या आहात! अडकवून ठेवलंय ते हप्त्याने. म्हणून वकिलांना सांगा, अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाच्या अर्जात हप्ता त्यांनी भरावा आणि तुम्हाला पर्यायी घर किंवा त्याचं भाडं द्यावं हे स्पष्ट मागा, तशी तरतूद त्याच कायद्यात आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे त्यांना 'धंद्यात काही उरत नाही' असं नुसतं तोंडी सांगून चालणार नाही. वकिलांची फी झेपत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार कितीही असला तरी.

आदेश येईपर्यंत हप्ता बुडवू नका असं मला नाइलाजाने सांगावं लागतंय, कारण बाउन्स झाला की नुकसान तुमचंच. पण पगार त्या खात्यात येऊ देऊ नका. दुसऱ्या बँकेत फक्त स्वतःच्या नावाने नवीन खातं उघडा, एचआरला पत्र द्या, आणि जुन्या खात्यात दर महिन्याला मोजून हप्त्याएवढेच पैसे टाका. जुनं एटीएम कार्ड ब्लॉक करा, मोबाइल नंबर, ईमेल आणि यूपीआयचे पिन बदला, पत्रव्यवहाराचा पत्ता माहेरचा करा. पीएफ आणि विम्यावर त्यांचं नाव वारस म्हणून असेल तर तिथे मुलांची नावं घाला. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये मुलं आहेत ना तेही बघून घ्या.

लॉकरमधल्या १४ तोळ्यांचं. माहेरून आलेलं आणि लग्नात तुम्हाला मिळालेलं सोनं तुमचंच, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच ते स्पष्ट केलंय. लॉकर दोघांच्या नावावर आहे म्हणून बँकेला आजच लेखी द्या की दोघांच्या उपस्थितीशिवाय उघडू नये, आणि पोचपावती घ्या. लग्नाचे फोटो, सोनाराच्या पावत्या, जे सापडेल त्यावरून यादी करा. ते आणायला किंवा कागद घ्यायला एकट्या धायरीला जाऊ नका, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना किंवा पोलिसांना बरोबर घ्या, आणि रस्त्यात गाठून धमकी दिली तर ११२ ला फोन करा, १८१ ही महिलांची हेल्पलाइनही आहे.

अंगावरच्या दोन बांगड्या मोडू का, की गोल्ड लोन काढू, असंही विचारलंय. मोडा. गोल्ड लोनचं व्याज भरायला महिन्याकाठी तुमच्याकडे काही उरत नाहीये, आणि त्या पैशांतून खोलीचं डिपॉझिट आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं निघेल. आईला वाईट वाटेल, त्यांना माझं नाव सांगा.

मध्यस्थांना आत्ता इतकंच कळवा की प्रस्ताव वकिलांमार्फत लेखी पाठवा, त्यात कर्जाचं काय ते लिहा. त्यांचं उत्तर आलं की मसुदा मला पाठवा, सही करण्याआधी मी आकडे तपासून देईन, त्याची फी घेणार नाही.