गाडी तुमच्या दारात, मालक जेलरोडला

नाशिकमधल्या सातपूरच्या एका वाचकाने दोन मित्रांसोबत वर्गणी काढून अक्षय्य तृतीयेला एजंटाकडून जुनी मारुती ओम्नी घेतली, 70 हजारांना. दिवाळीच्या सुट्टीत आंबोली घाटाने गोवा, पुढे गोकर्ण आणि मुक्काम गाडीतच, असा बेत आहे. आर.सी. (नोंदणी प्रमाणपत्र) मात्र अजून नाशिकच्याच जेलरोडच्या मूळ मालकाच्या नावावर. हाती आहे तो 500 रुपयांच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला करार आणि मालकाने सह्या करून दिलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 व 30. आता ई-चलान मालकाच्या मोबाइलवर जाऊ लागल्याने त्याने ‘गाडी चोरीला गेल्याची तक्रार देतो’ असा दम भरला आहे. वाचकाचा प्रश्न एवढाच: वाटेत स्टॅम्प पेपर दाखवला तर चालेल ना? सुट्ट्या तोंडावर आल्या की अशी पत्रं येतातच, गाडी तेवढी बदलते.

वाटेतल्या पोलिसाचं सोडा. तुम्ही पाठवलेल्या फॉर्म 30 च्या फोटोत सगळं उत्तर आहे. मालकाने कुठे सही करायची ते दाखवायला एजंटाने पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत, त्यावर सह्याही आहेत. पण घेणाऱ्याचं नाव कोरं आणि तारीखही कोरी. एजंट हे मुद्दाम करतात, म्हणजे गाडी आणखी कुणाला विकायची झाली तरी तोच कागद चालतो. तुम्ही मात्र तो कोरा कागद महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये का ठेवलात, ते मला कळलेलं नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं की गाडी घेतल्यापासून 30 दिवसांत घेणाऱ्याने आरटीओला कळवायचं. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या निकालात हेच ठणकावून सांगितलं. त्या प्रकरणातही गाडी अशीच हातोहात विकली गेली होती, नाव कुणीच बदललं नव्हतं, आणि अपघाताची भरपाई आली नोंदणीतल्या मूळ मालकावर. तेव्हा तुमच्या मालकाची चिडचिड अगदीच नाहक नाही.

तुमचं खरं नुकसान विम्यात आहे. कलम 157 प्रमाणे पॉलिसी तुमच्याकडे आली असं मानलं जातं, आणि 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. पण हे ‘मानणं’ त्रयस्थापुरतं (थर्ड पार्टी), म्हणजे तुमच्या गाडीने ज्याचं नुकसान झालं त्याच्यापुरतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला ते लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. घाटात ओम्नी कठड्याला घासली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही नोंदणीतल्या मालकासाठी असतो. स्टीअरिंगवर तुम्ही असाल तर तुमच्या घरच्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्या मित्रांचाही प्रश्न अवघड होतो. तिथे पॉलिसीतला मजकूर वाचल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

म्हणून आधी नाव, मग गोवा. थकलेली चलानं आजच भरा, ती बाकी असताना मालकाने तुमच्याशी नीट बोलावं ही अपेक्षाच चूक. मग त्याला गाठा. ऑनलाइन अर्जात ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, म्हणजे नुसत्या सह्या असून भागत नाही. गाडी एमएच 15 ची, म्हणजे नाशिकचीच असल्याने एनओसीची (ना-हरकत दाखल्याची) भानगड नाही. चालू पॉलिसी, पीयूसी, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी तयार ठेवा आणि उशिराचा दंड भरून पेठरोडच्या आरटीओतलं काम उरका. आर.सी.ची 15 वर्षं डिसेंबरात संपताहेत असं लिहिलंय. रिपासिंगचा (नोंदणी पुढे वाढवण्याचा) अर्ज मुदतीआधीच्या 60 दिवसांत करता येतो, पण तो मालकाने करायचा असतो. नाव आधी तुमचं झालं नाही तर डिसेंबरात पुन्हा जेलरोडची पायरी चढाल. पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते असं तुमच्या मित्राला कुणीतरी सांगितलंय. ते दिल्लीचं, इथलं नाही.

चोरीच्या तक्रारीपुरता तो नोटरी करार उपयोगी आहे. मालकाने स्वतः सही केली आहे, तेव्हा तक्रार टिकणं कठीण. पण चौकशीपुरती जरी गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली तरी दिवाळी तिथेच जाईल. परराज्याची चिंता नको, आठवडाभराच्या सहलीसाठी तिकडे पुन्हा नोंदणी लागत नाही. बाक काढून गादी टाकलीत तर अडचण नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. एलपीजी किट असेल तर ते आर.सी.वर चढलेलं हवंच. आणि ‘येत्या सिंहस्थात भाड्याने लावून पैसे वसूल करू’ हा मित्राचा विचार पांढऱ्या, म्हणजे खासगी गाडीच्या पाटीवर डोक्यातून काढा.

मालक आलाच नाही तर एजंटाला नोटीस देऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या रकमेला फीही नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत. आयोगाच्या तारखा पाहता तेवढ्यात समोरच्याचं लेखी म्हणणं आलं तरी नशीब. तेव्हा मालकाला आधी घरी जाऊन भेटा, पेढे घेऊन जा, चलानाच्या पावत्या दाखवा. तो पेठरोडला आला तर 70 हजारांच्या गाडीवर वकिलाची फी वाया घालवू नका.