संगणक-शंका : वडिलांच्या जुन्या मराठी फाइलचे काय करावे?

प्रश्न : माझ्या वडिलांनी साधारण २००३ ते २००८ या काळात आपल्या आठवणी घरच्या संगणकावर मराठीत टाइप करून ठेवल्या होत्या. आता नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती खिचडी दिसते. फाइल खराब झाली आहे का? वडील आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांना विचारण्याचीही सोय नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : फाइल बहुधा शाबूत आहे, तेव्हा आधी मनातली भीती काढून टाका. मात्र ती उघडून काही दुरुस्ती करण्याच्या आणि 'सेव्ह' करण्याच्या फंदात पडू नका. मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक स्वतःच्या ईमेलवर ठेवा, आणि पुढचे सारे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करा.

आता हे का घडते ते सांगतो, कारण ते कळले की पुढचे काम सोपे होते. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या घरातल्या संगणकांवर ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. त्या मधल्या काळात शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टांवर मराठीचा सारा कारभार चालला. या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी साठवली जातात ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसला की आतली रोमन अक्षरे उघडी पडतात, आणि आपल्याला दिसते आहे ती खिचडी म्हणजे हेच. शिवाय प्रत्येक फॉन्टची अक्षरांची वाटणी वेगळी, त्यामुळे शिवाजीतला मजकूर कृतिदेवमध्ये वाचता येत नाही.

म्हणून पहिले काम फॉन्टचे नाव शोधण्याचे. वर्डमध्ये फाइल उघडून मजकुराच्या एखाद्या ओळीवर क्लिक करा. वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसते, आणि फॉन्ट लॅपटॉपवर नसला तरीही तेथे बहुधा मूळ नावच दिसते. वडिलांचा जुना संगणक माळ्यावर असेल तर कृपा करून तो भंगारात देऊ नका. त्याच्या विंडोज या फोल्डरात फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते. त्यातला हवा तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून नव्या लॅपटॉपवर बसवला की मजकूर पुन्हा मराठीत दिसू लागेल. तसा तो दिसला की लगेच त्याची पीडीएफ करून घ्या. पुढे काहीही झाले तरी वडिलांचा शब्द तिच्यात सुखरूप राहील.

त्यानंतर मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, कारण युनिकोडमध्ये आल्याखेरीज त्यातला एखादा शब्द शोधता येणार नाही आणि नातवंडांना तो मोबाइलवर वाचता येणार नाही. त्या-त्या फॉन्टसाठी फुकट रूपांतरके मिळतात. एकच पान घेऊन आधी चाचणी करा. आठवणींत घरातले खाजगी व्यवहार, जमिनीचे वाद असे काही असेल, तर तो मजकूर अनोळखी संकेतस्थळावर न चिकटवता, इंटरनेट बंद ठेवून चालणारे रूपांतरक वापरा.

रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचावे लागेल, आणि त्यातही तीन जागा विशेष जपाव्या लागतील. पहिली जागा ऱ्हस्व वेलांटीची. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी, टाइप केली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ही उलटापालट करताना 'स्थिती', 'मुक्तिसंग्राम' अशा शब्दांतली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसू शकते. दुसरी जागा मजकुरातल्या खऱ्या इंग्रजी शब्दांची. रूपांतरक त्यांनाही मराठीच समजून त्यांचे निरर्थक मराठी करून टाकतो. तिसरी, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याची, जागा अर्ध्या 'र'ची. 'आचार्याला' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. रूपांतरकाने या दोन 'र्यां'ची गल्लत केली तर अर्थाचा अनर्थ होतो. हा दुसरा 'ऱ्या' स्वतः टाइप करायचा असेल, तर विंडोजमधल्या मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, आणि काना देण्यासाठी ई अशा कळा दाबाव्यात.

पन्नास पानांच्या मजकुराला निवांत दोन-तीन आठवडे द्या. भावंडांपैकी कोणी पीडीएफ समोर धरून मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर दुरुस्त करावे. एकट्याच्या डोळ्यांतून सुटणाऱ्या चुका अशाने सापडतात.

प्रश्न : कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चुलतभावाच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. माझ्या यजमानांनी ती उघडली, मोबाइलने काही परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. पत्रिका काही दिसली नाही. आता काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्रिका ही छायाचित्र असते किंवा पीडीएफ, ती उघडताना मोबाइल 'इन्स्टॉल' करू का असे कधीही विचारत नाही. आपल्याकडे आलेली फाइल बहुधा नावाच्या शेवटी एपीके असलेली, म्हणजे मोबाइलमध्ये बसणारे आख्खे ॲप आहे. अशी ॲप्स येणारे एसएमएस वाचतात, त्यांतला ओटीपी भामट्यांकडे पोहोचवतात, आणि मग त्याच फोनवरून तीच पत्रिका पुढच्या नातेवाइकांना जाते. आपल्या चुलतभावाच्या बाबतीतही हेच झाले असावे, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका, त्यांना फोन करून सावध करा.

आपल्याकडचे काम आजच, हे वाचून होताच करा. यजमानांच्या फोनचा इंटरनेट बंद करून फोन विमान मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवायला सांगा; बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, इंटरनेटवर शोधून घेऊ नका, कारण तिथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला क्षणाचाही विलंब न करता फोन करा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते आणि तक्रार लवकर पोहोचली तर ती वाटेतच गोठवता येते. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच उपकरणावरून. शेवटी फोनमधली छायाचित्रे उतरवून घेऊन तो फॅक्टरी रीसेट करावा. नुसते ॲप शोधून काढणे पुरेसे नाही, कारण अशी ॲप्स आपले चिन्ह लपवतात.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. नवा घ्यावाच लागेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लगेच नाही. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून लॅपटॉप बंद पडणार नाही. मात्र सुरक्षेच्या त्रुटी आढळल्या तर त्या आता आपोआप दुरुस्त होत नाहीत. आपल्या लॅपटॉपवर पुढची आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, चालेल का हे मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे ॲप चालवून पाहा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला असावा लागतो. हे सारे जुळत नसेल आणि आपला वापर पत्रे लिहिणे, बातम्या वाचणे, नातवाशी व्हिडिओवर बोलणे एवढाच असेल, तर लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली पेन ड्राइव्हवरून आठवडाभर चालवून बघता येते. लॅपटॉपमधले काहीही पुसावे लागत नाही. बँकेचे व्यवहार मात्र तोवर त्या लॅपटॉपवर करू नका.