खाजनातल्या पाणीपातळीच्या नोंदीसाठी ईईप्रॉम पुरेल, की एफरॅम घ्यावी?

तुम्ही खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) मानशीवर, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारावर, आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवलाय, दर मिनिटाला भरती-ओहोटीची पातळी नोंदवायचीय आणि वीज गेली तरी नोंद टिकायला हवी. ईईप्रॉम, एफरॅम, एमरॅम, रीरॅम या सगळ्या वीज गेली तरी मजकूर जपणाऱ्या मेमरी. त्यांतली एफरॅम घ्या, एमरॅम-रीरॅमच्या मागे लागू नका.

ऊनोतली ईईप्रॉम १,०२४ बाइटची आणि एका जागी लिहिण्याची हमी १ लाख वेळांची. 'शेवटची नोंद कुठे झाली' हा आकडा दर मिनिटाला त्याच जागी लिहिलात तर ७० दिवसांत हमी संपली, पावसाळासुद्धा पुरा व्हायचा नाही. शिवाय एक बाइट लिहायला सुमारे ३.३ मिलिसेकंद, म्हणजे १६ बाइटच्या नोंदीला ५० च्या वर. जून-जुलैत आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. नेमकी तेवढ्यात गेली तर अर्धी नोंद नवी, अर्धी जुनी, आणि दिसायला अगदी खरी!

एफरॅममध्ये स्फटिकातले अणू जागा बदलतात, त्यामुळे लिहून झाल्यावर थांबावं लागत नाही. एमबी८५आरसी२५६व्ही ही चिप घ्या: ३२ किलोबाइट, दोन तारांची आयटूसी जोडणी, ५ व्होल्टवर थेट चालते. तीच १६ बाइटची नोंद ४०० किलोहर्ट्झवर अर्ध्या मिलिसेकंदात जाते. हमी बाइटमागे १ लाख कोटी वेळांची. यात वाचणंही धरलेलं आहे, कारण वाचताना मजकूर पुसला जातो आणि चिप तो आपणहून परत लिहिते. तुमच्या वेगाला चिंता नाही.

जागा मात्र थोडी. २,०४८ नोंदींत, म्हणजे दीड दिवसाच्या आतच, ती भरते. तेव्हा एफरॅम ही कच्ची वही समजा आणि अधूनमधून एकगठ्ठा एसडी कार्डावर उतरवा. आधी नोंद, मग चेकसम (नोंद धड आहे का ते तपासायचा आकडा), आणि 'कुठवर आलो' हा आकडा सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

चुंबकत्वावर चालणारी एमरॅम दणकट खरी, पण एव्हरस्पिन कंपनीच्या एसपीआय जोडणीच्या चिप ३.३ व्होल्टच्या, म्हणजे ५ व्होल्टच्या ऊनोला लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी चिप) आला. तुमच्या पातळी मोजणाऱ्या तरंगत्या फ्लोटमध्ये चुंबक असेल तर तो चिपजवळ नको, हीही एक कटकट. रीरॅमची गंमत वेगळीच. २०२० साली खुल्या झालेल्या स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटर पीडीकेत (चिप आखायला कारखाना देतो त्या माहितीच्या संचात) तिचं मॉडेल आहे, पण ते स्वतः चिप आखणाऱ्यांच्या कामाचं. आणि नव्या मेमरीचा गाजावाजा ऐकून भुलू नका: इंटेल-मायक्रॉनची थ्रीडी एक्सपॉइंट २०१५ मध्ये वाजतगाजत आली, २०२२ मध्ये इंटेलने तिच्यावर बेतलेलं ऑप्टेन गुंडाळलं.

बोर्डाचा केआयकॅड (सर्किट आखायचं सॉफ्टवेअर) मधला आराखडा खुला करणार असाल तर एफरॅमचा आणखी एक फायदा. तिच्या आठ पिना २४एलसी२५६ ईईप्रॉमसारख्याच आहेत. ज्याला एफरॅम मिळाली नाही, तो त्याच जागी ईईप्रॉम डकवेल. फक्त कोडमध्ये प्रत्येक लिखाणानंतर ५ मिलिसेकंद थांबायची सोय ठेवा, आणि एकच नोंद ईईप्रॉमच्या ६४ बाइटच्या दोन पानांत (एका दमात लिहायच्या तुकड्यांत) विभागली जाऊ देऊ नका.