इंचाचे हँड्स कसे करायचे (आयर्लंडला घोड्यांच्या कामासाठी येणाऱ्या मित्राला)

तू विचारलंयस की सारंगखेड्याच्या बाजारात आपण घोडा उंचीला ६२ इंची, ६४ इंची असा सांगतो, मग इकडे आयर्लंडात किल्डेअरला तबेल्यात कामाला आल्यावर हे हँड्सचं, म्हणजे इकडच्या घोड्याच्या उंचीच्या मापाचं, गणित कसं जमवायचं. सोपंय रे भावा, फक्त कॅल्क्युलेटर काढू नकोस.

एक हँड म्हणजे ४ इंच, बास. आधी तळहाताच्या रुंदीवर चालायचं, मग इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात ४ इंच पक्कं केलं. तर इंचांना ४ ने भागायचं, जो भागाकार येईल ते हँड्स आणि जी बाकी उरेल ती टिंबापुढे लिहायची. ६२ घे, पंधरा चोक साठ, बाकी दोन, म्हणजे १५.२. कॅल्क्युलेटर १५.५ दाखवेल आणि तू तसं बोललास तर समोरचा हसेल, कारण टिंबापुढे ३ च्या वर आकडाच नसतो. ६३ म्हणजे १५.३ आणि ६४ झाले की सरळ १६. उलटं करायचं तर १६.१ म्हणजे सोळा चोक चौसष्ट आणि वर एक, ६५ इंच. बोलताना हँड्स शब्द बऱ्याचदा गाळतात, नुसतं 'फिफ्टीन टू' म्हणतात, जाहिरातीत पुढे एचएच, म्हणजे 'हँड्स हाय', लिहितात.

५८ इंच म्हणजे १४.२ हा आकडा मात्र डोक्यात फिट कर. साधारण तिथपर्यंत पोनी, वर गेला की हॉर्स, आणि इकडचे कॉनेमारा पोनी तर याच हद्दीत बसवायची धडपड असते. इंटरनॅशनल स्पर्धांत सेंटिमीटरच चालतात, पोनीला नाल नसताना १४८ आणि नालेसकट १४९. एक हँड १०.१६ सेंमी, म्हणजे १६ हँड्सचा घोडा साधारण १६२ आणि अर्धा सेंमी.

मोजतात ते मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढे जो उंचवटा असतो ना तिथपर्यंत, इकडे त्याला विदर्स म्हणतात. डोक्यापर्यंत नाही. सपाट फरशीवर घोडा चारी पायांवर नीट उभा करायचा आणि आडवी दांडी असलेली काठी लावायची, दांडीवर पाण्याचा बुडबुडा असतो तो मध्ये आला की वाचायचं. टेप खांद्याच्या मांसावरून वळवून मोजला की घोडा फुकट उंच होतो, आपल्या बाजारातले काही दलाल यात एकदम तरबेज आहेत, त्यामुळे तिथला ६४ इथे काठीखाली ६४ भरेलच असं नाही.

आणि हो, झूल घ्यायला पाठवलं तर हँड्स सांगू नकोस. तिचं माप फूट-इंचात, तेही उंचीचं नाही, लांबीचं. सहा फूट तीन इंच म्हणाले तर दचकू नको.

रेसच्या तबेल्यात उंचीपेक्षा पायांचीच चर्चा जास्त. हँड्स खरे कामाला येतात ते लिव्हरीत, म्हणजे दुसऱ्यांचे घोडे पैसे घेऊन सांभाळतात त्या तबेल्यात, रायडिंग स्कूलमध्ये आणि खरेदी-विक्रीत. मुलाखतीत सगळ्यात मोठा घोडा कोणता हाताळलास विचारलं तर ६६ इंच म्हणू नको, 'सिक्स्टीन टू' म्हण.